दोन शतांश कमी

शतांशराव हे नाव कारखान्यानं ठेवलेलं. मिलिमीटरचा शंभरावा भाग ते अंगठ्यानं चाचपून सांगत, आणि पडताळा घ्यायला मायक्रोमीटर लावणारा दर वेळी खजील होई. अठरा वर्षं एकाच लेथवर उभं राहून त्यांनी लोखंड कातून पाण्याच्या पंपांचे शाफ्ट, म्हणजे आतले फिरते दांडे, केले. तेवढ्या काळात त्यांच्या डोक्यावर चार सुपरवायझर येऊन बसले. चौघांकडे डिग्री होती, आणि शाफ्ट कशाशी खातात हे चौघांना शतांशरावांनीच शिकवलं. चौघे शिकले आणि वर गेले.

चौथ्याच्या वेळी न राहवून ते मॅनेजरसाहेबांकडे गेले. साहेबांनी चहा मागवला, हळहळले, म्हणाले की तुमच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही, पण काय करणार, मेकॅनिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीची डिग्री असती तर आजच खुर्चीवर बसवलं असतं. असलं बोलणं समोरचा मनावर घेईल असं बोलणाऱ्याला कधीच वाटत नाही. शतांशरावांनी घेतलं.

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. घरी बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता पुस्तक मांडीवर घेऊन त्यांच्याकडून व्याख्या म्हणून घेई. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नवऱ्याचा एक शब्द इकडचा तिकडे झालेला ती खपवून घेत नसे. कॉलेजात प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला तीन तासांचं काम यांनी वीस मिनिटांत करून टेबलावर ठेवलं आणि नापास झाले, कारण वहीत एकही माप लिहिलेलं नव्हतं. मोजलंच नव्हतं तर लिहिणार काय? दुसऱ्या खेपेला त्यांनी काम आधी केलं, मापं मागाहून लिहिली आणि पास झाले.

चार वर्षांनी डिग्री हातात पडली, आणि जागाही नेमकी रिकामी झाली. साहेबांची आता पंचाईत झाली होती. त्यांनी सहा महिन्यांच्या बोलीवर नेमणूक दिली. काम पाहून कायम करू, मग केबिनच्या दारावर पाटी लावू. त्या पाटीत शतांशरावांचा जीव अडकला होता. नाव आणि नावापुढे डिग्री कोणत्या अक्षरात लिहायची, हे बायकोनं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

त्यांच्या लेथवर दुसऱ्या कारखान्यातून आलेली एक ऑपरेटरबाई उभी राहिली. शतांशरावांनी तिच्या हातात शाफ्टचं ड्रॉइंग दिलं आणि नव्या सुपरवायझरला शोभेल अशा आवाजात बजावलं की अगदी ड्रॉइंगप्रमाणे करा, केसभर फरक नको. बाई कामाला चोख होती. तिनं दोनशे शाफ्ट तंतोतंत केले. तपासणीत सगळे पास झाले, आणि पंपात बसवायला घेतले तर एकही फिरेना.

तेव्हा कुठे शतांशरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. अठरा वर्षं ते स्वतः ड्रॉइंगपेक्षा दोन शतांश बारीक शाफ्ट करत आले होते. अगदी पहिला शाफ्ट अडकला होता, तो त्यांनी जरा घासला, आणि तेव्हापासून हात आपोआप तिथेच जाऊन थांबे; शतांशरावांचे शाफ्ट म्हणून तपासणीवालेही ते न मोजताच पास करत. चार सुपरवायझरांना सगळं शिकवलं, एवढंच सांगायचं राहिलं. हे सांगण्यासारखं काही आहे हेच ते विसरून गेले होते. शरमेनं मान खाली घालून त्यांनी हे साहेबांच्या कानावर घातलं.

साहेबांनी मात्र चुटकीसरशी निदान केलं. ड्रॉइंग बरोबर, बाईचे शाफ्ट बरोबर, म्हणजे चूक आधी त्या लेथवर शाफ्ट करणाऱ्या टर्नरची. त्याच्या बारीक शाफ्टांमुळे बुशवाल्यांनी बुशांची, म्हणजे पंपात शाफ्ट ज्यांत फिरतो त्या नळकांड्यांची, भोकं बारीक करत आणली असणार.

"त्या टर्नरला मेमो काढा," ते म्हणाले.

"साहेब, तो टर्नर मीच."

"होता. त्यानं चूक कबूल करायची, तुम्ही त्याला समज द्यायची, की मिटलं. पुढच्या महिन्यात तुम्हाला कायम करून टाकतो."

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात वीस वर्षांपूर्वीची सही होती. ती याच साहेबांची होती.

जेवताना त्यांनी सगळं बायकोला सांगितलं. तिनं पोळी वाढता वाढता विचारलं, "पण दोन शतांश कमी का लागतं?"

हा प्रश्न शतांशरावांच्या हाताला कधी पडलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक बुश घेतला, त्याचं भोक मोजलं, तो पंपात दाबून बसवला आणि पुन्हा मोजलं. दाबल्यावर भोक दोन शतांशांनी आवळलं होतं. मग दहा बुश मोजले, पुस्तकातलं गणित मांडून पाहिलं, उत्तर तेच आलं. ड्रॉइंग काढणाऱ्यानं न दाबलेला बुश धरला होता. शतांशरावांना एवढा आनंद झाला की पाटीचीही आठवण राहिली नाही.

ती आठवण मेमो लिहिताना आली. तरीही त्यांनी वरच्या भागात सुपरवायझर म्हणून टर्नरला जाब विचारला. मधल्या भागात टर्नर म्हणून गणितासकट खुलासा दिला. तळाशी पुन्हा सुपरवायझर होऊन शेरा मारला: 'खुलासा तपासला. कामगार बरोबर आहे. ड्रॉइंग दुरुस्त करावे.' खाली सही केली, आणि सहीपुढे आयुष्यात पहिल्यांदा डिग्री लिहिली.

साहेबांनी कागद दोनदा वाचला, गणिताचं कौतुक केलं आणि आठवड्याभरानं कळवलं की तुमचा स्वभाव सुपरवायझरचा नाही. शतांशराव लेथवर परत आले. घरी बायकोनं डिग्रीची चौकट पुसून पुन्हा जागेवर टांगली आणि दिवसभर साहेबांचा उद्धार केला.

त्यांच्या डोक्यावर पाचवा सुपरवायझर आला तो डिग्री घेऊनच. तिसऱ्या दिवशी त्यानं शाफ्टचं नवं ड्रॉइंग आणलं. माप दोन शतांशांनी कमी होतं आणि कोपऱ्यात साहेबांची ताजी सही होती.

"तुम्ही इतकी वर्षं ड्रॉइंग पाळलं नाही, असं साहेब सांगत होते," तो अदबीनं म्हणाला. "आता तरी याप्रमाणे करा."

शतांशरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग त्यांनी तो आकडा पुन्हा वाचला. लेथ सुरू केला, आणि हात अठरा वर्षं जिथे थांबायचा तिथेच थांबला. सुपरवायझरनं मायक्रोमीटर लावला. माप ड्रॉइंगबरहुकूम होतं.

"बघा," तो खूश होऊन म्हणाला, "मनावर घेतलं की जमतं."