अर्धी बाटली डेव्हलपर

गावचे वडीलधारे कलमुरात अक्सकाल माझ्या स्वयंपाकघरात तिवईवर बसले होते आणि माझ्या हातांवरची नजर काढत नव्हते. पलीकडच्या खोलीत गावातली जाणती माणसं चहा पीत होती, त्यांच्यात मला एजे, म्हणजे ताई, म्हणणारा माझा धाकटा भाऊ शेयशेनही होता. अंगणात त्याचा घोडा कश्का बांधला होता. त्या घोड्याचा जीव माझ्या हातातल्या फिल्मच्या रोलवर टांगलेला होता, आणि त्यात थोडी चूक माझ्या जिभेचीही होती.

आदल्या दिवशी, सादीर म्हाताऱ्याला जाऊन वर्ष झालं त्या जेवणाला, घोड्यांची शर्यत झाली. शेवटी दोनच उरले, कलमुरातांचा करडा आणि आमचा कश्का. चुन्याच्या रेघेपाशी दोघं एकदमच आले, धुरळा उडाला आणि पंचांमध्ये तोंडातोंडी सुरू झाली. करडा पुढे होता म्हणणारे जितके, तितकेच कश्का पुढे होता म्हणणारे. कलमुरातांचा पुतण्या ताश्तान तर शेयशेनला म्हणाला, "गाईच्या दुधावर वाढलेलं शिंगरू ते. धावणार गाईसारखंच की."

कश्काला दूध मी पाजलंय. त्याची आई तो जन्मला त्याच रात्री गेली. केफिरच्या, म्हणजे आंबवलेल्या दुधाच्या, रिकाम्या बाटलीला रबरी बोंडलं लावून मी त्याला वसंतभर पाजलं, माझ्या चुलीशेजारी झोपवलं. माझं डोकं फिरलं. मी गळ्यातला कॅमेरा हातात धरून म्हटलं, "मी रेघेवरच उभी होते. मी बहीण आहे, माझा शब्द धरू नका. फिल्म धुऊन देते, डोळे असतील तर बघा."

तिथंच थांबलं असतं तर बरं होतं. पण आमच्या घराण्यात तोंड आवरणं कुणाला जमलेलं नाही. शेयशेन सगळ्यांसमोर टोपी काढून म्हणाला, "कश्का नाकाच्या शेंड्यानं जरी मागं असला, तर ह्या हिवाळ्याचं सोगुम तोच. मी माझ्या हातानं कापीन, आणि तुम्ही सगळे जेवायला या."

सोगुम म्हणजे हिवाळाभराच्या मांसासाठी कापायचं जनावर. कॅमेऱ्याला डोळा लावून मी एकटीच होते, आणि रागात काहीही बोलून बसले तरी मी पाहिलं होतं. करड्याचं नाक पुढे होतं. फार नाही, पण होतं.

शेयशेन दिलेला शब्द मोडत नाही. लहानपणी कुणाशी तरी पैज लावून तो थंडीत नदीत उतरला होता आणि महिनाभर खोकत होता. लोक त्याला वेडा म्हणतात आणि उधार मात्र त्यालाच देतात.

आता स्वयंपाकघरात मी माझ्या नवऱ्याचा मेंढीच्या कातड्याचा कोट टेबलावर पालथा घातला, दोन्ही हात बाह्यांतून आत घातले आणि अंधारात फिल्म चक्रीवर चढवायला घेतली.

"कोटात काय चाललंय?" अक्सकालांनी विचारलं.

"उजेड लागला तर सगळं करपतं. म्हणून आत."

"आणि आत तू काय करतेस ते मला कसं दिसणार?"

"नाही दिसणार. वाटल्यास तुम्हीही हात घाला."

त्यांनी हात घातला नाही. सत्तरी उलटलेला माणूस, दाढी पांढरी, बोटं लगाम धरून धरून वाकडी झालेली. त्यांना लबाडीचा वास घोड्याच्या आजारासारखा लांबून येतो म्हणतात.

फिल्म पुरती घालवणं सोपं होतं. चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या आधी ते पक्कं करणारा हायपो ओतला की फिल्म काचेसारखी कोरी निघते. पण कोरी फिल्म पाहिली की कुणीही म्हणालं असतं, बहिणीनं भावासाठी घाण केली. शेयशेनच्या नावाला काळं लागलं असतं. मला दुसरी वाट हवी होती, आणि ती माझ्या चिकटपणात सापडली.

माझा चिकटपणा गावाला ठाऊक आहे. दुकानांत आता काही मिळत नाही. उन्हाळ्यात नारीन शहराहून आणलेली डेव्हलपरची शेवटची पुडी मी पाण्यात कालवून केफिरच्या बाटलीत ठेवली होती, बरोबर एका डब्यापुरती. त्यावर अख्खा हिवाळा काढायचा होता. एक रोल धुतला की ते पाणी मी टाकत नाही, तांबडा दोरा बांधलेल्या दुसऱ्या बाटलीत ओतते आणि पुढच्या रोलला थोडा जास्त वेळ देऊन तेच वापरते. वापरलेलं ताज्यात कधी मिसळत नाही. बाटली रिकामी करताना उलटी धरून शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबते. बायका म्हणतात, बुरूलचाच्या घरी डास आला तर उपाशी जातो.

डबा अर्धाच भरला, तर चक्रीवरच्या फिल्मची खालची कड भिजते आणि वरची कोरडी राहते. चित्राचा अर्धाच भाग उमटतो. घोड्यांची डोकी ज्या कडेला, ती कड मी कोटाच्या अंधारात वर ठेवली. नाकं गेली की निकाल गेला, आणि लोक हसणार माझ्या चिकटपणाला. त्या रोलवर सादीर म्हाताऱ्याची बायकोही होती, तिच्या लेकीही होत्या. त्यांचीही डोकी जाणार होती. मला त्याचं वाईट वाटलं, पण हात थांबला नाही.

डब्याचं झाकण लावून मी कोट बाजूला केला. केफिरची बाटली उचलली, ओतायला लागले आणि अर्ध्यावर थांबले.

"संपलं?" अक्सकाल म्हणाले.

"नाही."

"बाटलीत दिसतंय की अजून."

"पाहुण्याला पियाला काठोकाठ भरून देतं का कुणी, अक्सकाल? काठोकाठ भरला म्हणजे ऊठ म्हटल्यासारखं होतं. मान राखायचा तर थोडंच ओतायचं."

मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि मग खिडकीतून बाहेर कश्काकडे पाहिलं. मी डब्याची दांडी फिरवत राहिले. दांडीचा कुरकुर आवाज आणि पलीकडे ताश्तानचं हसणं, एवढंच ऐकू येत होतं. हे आत्ता उठून ओरडतील, असं मला क्षणाक्षणाला वाटत होतं.

"हा जन्मला तेव्हा मी ह्याला पाहिलं होतं," ते एकदम म्हणाले. "तुझ्या चुलीपाशी. जगेल असं वाटलं नव्हतं."

"मलाही नव्हतं वाटलं," मी म्हटलं.

वापरलेलं पाणी मी तांबड्या दोऱ्याच्या बाटलीत ओतलं. हायपो डबाभर घातला. फिल्म धुतली आणि ओलीच खिडकीला चिमट्यानं टांगली. सगळे आत आले आणि स्वयंपाकघरात उभं राहायला जागा उरली नाही.

फिल्मची वरची पट्टी सगळीकडे कोरी होती. खाली पाय, झग्यांचे काठ, बूट, खूर.

सगळे वाकून बघायला लागले. मग ताश्तान म्हणाला, "डोकी कुठायत?"

"बुरूलचानं सोगुमसाठी ठेवली असतील," कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. "अगं बाई, औषधात काटकसर करावी, पण इतकी?" मीही ओशाळल्यासारखं तोंड केलं. सुटले, असं वाटलं.

पण शेयशेन हसत नव्हता. तो खिडकीपाशी गेला आणि फिल्म उजेडात धरली. निगेटिव्हवर पांढरं काळं दिसतं आणि काळं पांढरं. सवय नसलेल्याला त्यातलं काही उमजत नाही. त्या घरात निगेटिव्ह वाचता येणारी माणसं दोनच होती, एक मी आणि दुसरा मीच शिकवलेला माझा भाऊ. त्याने नुसतं गप्प राहायचं होतं. मी मनातल्या मनात त्याला सांगत होते, गप्प राहा, बाबा, एकदा तरी गप्प राहा.

"ही काळी पट्टी म्हणजे चुन्याची रेघ," शेयशेन म्हणाला. "करड्याचे हे दोन खूर रेघेच्या पुढे आहेत. आणि ह्या पायावरचा हा काळा मोजा. म्हणजे खरं तर पांढरा. पुढच्या डाव्या पायात पांढरा मोजा कश्कालाच आहे. तो रेघेच्या मागे आहे."

ह्या माणसांना घोडा पायांवरून ओळखता येतो, हे मी कशी विसरले कोण जाणे. त्यांनी एकेकानं वाकून पाहिलं, आणि मोजा कुणाचा याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं.

"मी बोललो होतो ते बोललो होतो," शेयशेन म्हणाला. "परवा या सगळे." आणि तो दाराकडे वळला.

"थांब," कलमुरात म्हणाले.

ते हळूहळू उठले, फिल्मपाशी आले आणि नाक टेकेल इतकं जवळून पाहिलं. त्यांना त्यातलं काही कळलं असेल असं मला वाटत नाही.

"शपथ कशाची घेतली होतीस? खुराची?"

"नाकाची," शेयशेन म्हणाला.

"मग नाक दाखव."

"अक्सकाल, खूर पुढे तर नाकही—"

"मी दाव्याला धरून उभं राहायला लागलो तेव्हापासून शर्यती बघतोय. मान लांब करून मागचा घोडा नाकानं जिंकलेला मी पाहिलाय. खुरावर जिंकलो असं मी नातवंडांना सांगू? माझी काही इज्जत आहे की नाही?"

"काका, आपलाच घोडा..." ताश्तान म्हणाला.

"आपला म्हणजे माझा. तू गप."

त्यांनी दोन्ही तळवे वर केले. मग सगळ्यांनीच केले, दुवा म्हटली, तळवे चेहऱ्यावरून फिरवले. शर्यत बरोबरीत सुटली.

पलीकडच्या खोलीत मी कलमुरातांसाठी पियाल्यात रीतीप्रमाणे घोटभर चहा ओतला. त्यांनी पियाला परत पुढे केला.

"भरून दे, पोरी. काठोकाठ. मला आता तुझ्या घरातून उठायचंय."

मी भरून दिला. त्यांनी तो उभ्यानंच संपवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

माणसं गेली. मी स्वयंपाकघरात आले तर शेयशेन फळीपाशी उभा होता, हातात केफिरची बाटली. आतलं पाणी स्वच्छ होतं, ताजं, बरोबर अर्ध्यापर्यंत. तांबड्या दोऱ्याची बाटली शेजारी होती. ह्या फळीपाशी तो लहानाचा मोठा झालेला, खरी काटकसर असती तर डबा भरून तेच पाणी मी पुन्हा वापरलं असतं, हे त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"एजे," तो म्हणाला, "तू फिल्मला कधी उपाशी ठेवत नाहीस."

"घोडा जिवंत आहे," मी म्हटलं.

"हो. आणि उद्यापासून त्याच्याकडे बघितलं की मला काय आठवणार?"

मला रडू आलं, रागही आला. जा, काप त्याला, असं तोंडावर आलं होतं, पण अंगणात कश्का फुरफुरला आणि मी ते गिळलं.

शेयशेन मोरीपाशी गेला आणि बाटली उलटी केली. हिवाळाभराचं डेव्हलपर गळगळ करत मोरीत गेलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत तो बाटली तशीच धरून उभा राहिला, जशी मी धरते तशी. मग त्याने ती विसळली, फळीवर ठेवली आणि घोडा सोडायला बाहेर गेला.