सुनेच्या खोलीतली ट्यूब

अंथरुणाला खिळल्यावर माझ्या सुनेनं उशाशी कुंडीत डेलियाचा कंद लावून घेतला. त्या खोलीत ऊन येत नाही, म्हणून झाडासाठी उजेडाची ट्यूब आणायला मीच गेले. मुलाला पाठवलं असतं तर दुकानदारानं त्याच्या गळ्यात काहीही मारलं असतं.

दुकानदार म्हणाला, "आजी, पानं हवीत तर पांढरी न्या, फुलं हवीत तर पिवळसर."

"फुलाला किती दिवस लागतील?"

"तीन महिने तरी."

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून महिन्याभराचंच सांगितलं होतं. सुनेला ते कुणी कळू दिलं नव्हतं. दिव्याच्या पट्टीत एकच ट्यूब बसत होती. मी पांढरी घेतली.

घरी आल्यावर तिनं खोक्याकडे पाहिलं. "आई, पांढरी आणलीत?"

"मग काय. फुलं आली की पाकळ्यांचा केर काढायला मीच आहे."

या घरात माझ्या जिभेपुढे कुणाचं चाललं नाही. उलट बोलायची ती हीच एक. पण आज ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बरं केलंत. पानं तरी बघायला मिळतील."

तिच्याकडे पाठ करून मी ट्यूब बसवायला घेतली.