वास घेऊन निवडलेलं पोवळं

मित्रांनो, मी एक पोवळं आहे. अंगठीत बसवतात ते लाल, टणक पोवळं नव्हे. मी जिवंत आहे, मऊ आहे आणि रंगाने तपकिरी आहे. माझा आकार छत्रीसारखा आणि छत्रीवर बारीक बारीक बोटं. ती पाण्यात डुलत असली की मी खुशीत आहे असं समजावं. समुद्र मात्र मी कधी पाहिला नाही. दिल्लीतल्या एका दुकानदाराने त्याच्या टाकीत वाढलेल्या माझ्या आईच्या छत्रीचा काठ कात्रीने कापला आणि तो तुकडा एका लहान दगडाला बांधला. तो तुकडा म्हणजे मी. आमच्यात जन्म असाही होतो, आणि आईची जखम लवकर भरून येते.

दुकानात माझ्या शेजारी जांभळी, हिरवी, गुलाबी पोवळी होती. निळ्या दिव्याखाली ती झगमगत. गिऱ्हाइकं त्यांच्यापाशी थांबत आणि मला ओलांडून पुढे जात.

जानेवारीतल्या एका रविवारी गुरुग्रामहून तिघं आली : अनुराग, शालिनी आणि त्यांची मुलगी अबोली. घरी त्यांनी छोटी टाकी तयार ठेवली होती. खारं पाणी, दगड, दिवा, सगळं होतं. फक्त पहिलं पोवळं निवडायचं होतं. अबोलीचे आधीचे गोल्डफिश मेले होते, त्यामुळे अनुरागने अट घातली होती.

"पुन्हा सांगतो. एकच घ्यायचं. हे जगलं तर पुढचं. मेलं तर टाकी कुणाला तरी देऊन टाकायची. जीव आणून मारायचे, हा काही छंद नाही."

"बाबा, यार, तू अजून गोल्डफिशवरच आहेस."

अबोलीने जांभळ्या फांद्यांच्या पोवळ्यावर बोट ठेवलं. अनुरागने ते कुठलं म्हणून विचारलं, तसा दुकानदाराने आवाज उतरवला. "समंदर का है सर, ओरिजिनल। बस, काग़ज़ मत माँगिए।"

"फिर रहने दीजिए।"

"पण बाबा, सगळ्यात भारी तेच आहे."

"भारी आहे म्हणूनच तोडलं असेल कुणी."

मग त्याने दिल्लीतच वाढलेलं काय आहे ते विचारलं. दुकानदाराने कोपरानेच माझ्याकडे दाखवलं. अबोलीचा चेहरा उतरला.

शालिनी रत्नागिरीची. लहानपणापासून तिने मासळी वास घेऊन निवडलेली. तिने मला पाण्याबाहेर काढायला लावलं आणि नाक जवळ आणलं.

"मैडम, यह खाने का नहीं है।"

"मालूम है भैया. पण सड़ा हुआ मैं घर नहीं ले जाती."

"आई, सगळे बघतायत."

"बघू देत. बांगडा घेताना पण बघायचे." तिने पुन्हा वास घेतला. "चांगलं आहे. हेच घ्या."

अशी माझी निवड झाली. बाहेर धुकं आणि बोचरी थंडी होती. पाणी गार पडू नये म्हणून शालिनीने माझी पिशवी पानिपतहून आणलेल्या शालीत गुंडाळली आणि घरी पोचेपर्यंत मांडीवरून हलवली नाही. त्या उबेचा मी आजही ऋणी आहे.

सुरुवातीचे दिवस सुखाचे गेले. मग माझी बोटं आत गेली. अंगावर मेणासारखा पापुद्रा आला आणि मी मळका, मुका गोळा होऊन बसलो. अनुरागने पाणी तपासलं. मीठ बरोबर होतं, ऊबही बरोबर होती. मी काही उघडेना.

"संपलं बहुतेक," तो म्हणाला. "आत सडलं तर सगळं पाणी जाईल. काढायला हवं."

अबोली टाकीजवळ येऊन उभी राहिली. मला काढणं म्हणजे टाकी जाणं, हे तिला ठाऊक होतं. मित्रांनो, मी तेव्हा फक्त जुनी कात टाकत होतो. पण ते सांगायला मला वाचा कुठली?

अनुरागने बाह्या सारल्या आणि मला वर काढलं. तेवढ्यात शालिनी कणकेच्या हातांनी स्वयंपाकघरातून आली. दूध असो की कालची उसळ, त्या घरात शेवटचा निकाल तिचं नाक देत असे.

"थांब. जरा इकडे धर."

तिने वास घेतला. एकदा, आणि डोळे मिटून पुन्हा एकदा.

"बंदरावर येतो तसा वास आहे. मेलेल्याचा नाही."

"शालिनी, दिसतंय ना मेलेलं."

"नुसतं बघून मासळी आणली असती ना, तर आईनं मला परत बाजारात पाठवलं असतं. ठेव ते परत."

"आणि पाणी खराब झालं तर?"

"मी रोज वास घेईन."

आणि तिने तो घेतला. सकाळी दूध तापवलं की ती टाकीवर वाकायची. मागे अबोली उभी असायची. "आई, आज?"

"आज पण खारटच."

एका सकाळी पाण्याच्या झोताने माझा पापुद्रा फाटला आणि चिंध्या होऊन वाहून गेला. मी एकेक बोट बाहेर काढलं. शाळेच्या गणवेशात अबोली आली आणि काचेला कपाळ टेकून उभी राहिली. तिच्या श्वासाने काच धुरकटली. अनुराग तोंडात ब्रश घेऊनच धावत आला.

"अच्छा, म्हणजे कपडे बदलत होतं."

"दार लावून," शालिनी म्हणाली.

टाकी राहिली. आज मी तळहाताहून मोठा आहे आणि दोन नारिंगी मासे माझ्या बोटांत झोपतात. त्यानंतर मी कितीदा तरी कात टाकली, पण कुणी बाह्या सारल्या नाहीत. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं रोप, एखादं जनावर, कदाचित एखादं माणूस असंच मिटून बसलं असेल. दुरून बघून त्याचा निकाल लावू नका. रोज जवळ जा. एवढंच माझं मागणं आहे.

परवा अबोलीने माझा काठ कापला आणि तो तुकडा खालच्या मजल्यावरच्या सृष्टीसाठी वाटीत ठेवला.

"ब्राउन?" सृष्टीने विचारलं. "दुसरा कलर नाही का?"

"कलरचं सोड. हे कधी कधी मिटेल. लगेच फेकू नकोस. आधी वास घे."

सृष्टीने वाटीवर वाकून वास घेतला. ती नाक मुरडेल असं मला वाटलं होतं.

"समुद्रासारखा येतोय," ती म्हणाली.

मी तो कधी पाहिला नाही. पण तो माझ्या अंगात आहे, हे या घराने मला सांगितलं.