आन्सेल्मचा राक्षस

पॅरिसच्या गाणेवाल्यांत एक रीत होती. संगीतकाराने आधी चाल बांधायची आणि गीतकाराला अक्षरांचा अंदाज यावा म्हणून तोंडाला येतील ते शब्द तिच्यावर ठोकून द्यायचे: बटाटे, लसूण, घरमालकाची मिशी, काहीही. या मजकुराला सगळे ‘राक्षस’ म्हणत. गीतकाराने त्यावर खरे शब्द लिहायचे आणि राक्षस केराच्या टोपलीत टाकायचा.

संगीतकार आन्सेल्म बुव्रेचे सगळे राक्षस वीस वर्षं एकाच बाईने मारले होते. ती त्याची बायको आणि गीतकार, ओदेत. वसंतात ती बॅग उचलून बहिणीकडे गेली, ती परतलीच नाही. तरी नव्या सिनेमातल्या गाण्याचा राक्षस आन्सेल्मने तिलाच धाडला. बायको रुसली तरी गीतकार थोडीच रुसते, आणि तिने शब्द लिहिले की मागोमाग तीही येईल, असं त्याचं गणित. शहाणाच म्हणायचा.

आज ध्वनिमुद्रण होतं. व्हायोलिनं जुळवून झाली, पण शब्दांचा पत्ता नव्हता. आन्सेल्म दारापर्यंत जाई, पियानोशी येई, बसे न बसे तोच उठे. एक सिगरेट राखदाणीत जळत असताना त्याने दुसरी पेटवली.

“मास्तर, बसा हो खाली,” गायक बाझिल हॅम घातलेला पाव चावत म्हणाला. “तुमच्या येरझारा बघून मला बोट लागायला आलीय.”

“शब्द येतायत.”

“शब्द येतायत, की बाई येतायत?”

वादक फिदीफिदी हसले. तेवढ्यात दार उघडलं. ओदेत होती. आन्सेल्म धावलाच.

“आलीस!”

“कागद द्यायला आलेय.” तिने हातमोजेसुद्धा काढले नाहीत.

त्याने घडी उलगडली. अक्षर त्याचंच, मजकूरही त्याचाच. ‘डावीकडची उशी गार पडलीय, बटणं कुठे ठेवतेस, कॉफी रोज करपते, ओदेत, ये ना घरी.’

“हा तर माझाच राक्षस! तू काही लिहिलंच नाहीस?”

“चांगला झालाय. असाच राहू दे.”

“अगं, ते मी नुसतं अक्षरं भरायला...”

“ठाऊक आहे. मनातलं माझ्याशी कधी बोललास तर ते असंच, अक्षरं भरायला. आणि मी खुळी दर वेळी ते खोडून वर छान छान शब्द लिहीत बसले.”

“मग आता चल ना घरी.”

“एक बदल केलाय. बघून घे.” तिने क्षणभर त्याच्या बाहीवर हात ठेवला आणि ती निघून गेली.

शेवटच्या ओळीत ‘ओदेत’ खोडून तिने ‘सुझोन’ लिहिलं होतं. चालीला धक्का लागत नव्हता.

वादक खोळंबले होते. आन्सेल्मने वादकांना ताल द्यायची छडी उचलली. बाझिल गाऊ लागला आणि मघाशी हसलेले व्हायोलिनवाले खाली माना घालून वाजवू लागले. उशी झाली, बटणं झाली, कॉफी झाली. नाव आलं तेव्हा आन्सेल्मचा हात हवेतच थांबला. वादकांनी गाणं आपलं आपणच पुरं केलं.

बाझिलने डोळे पुसले. “मास्तर, ही सुझोन कोण हो?”

“कोणी नाही,” आन्सेल्म म्हणाला. “अक्षरं भरायला घातलीय.”

पुन्हा एकदा घेऊ, असंही तो म्हणाला, पण छडी काही त्याच्याने उचलवेना.