सरासरीतली ताई

आमच्या बाजूला साबणाचा वास असे. पुलावरून परत येणाऱ्या माणसाला डोळे मिटूनही कळायचं, की आपला जिल्हा सुरू झाला. मी आणि ताई, आम्ही दोघी बहिणी साबणाच्या कारखान्यात वड्या गुंडाळायच्या कामाला होतो. लांबच लांब टेबल, मेणकागद, दोन्ही टोकांना घड्या आणि वरून खळ लावलेली चिठ्ठी. ताईचा हात असा चालायचा, की मुकादम नव्या मुलींना सांगायचा, "हिच्या शेजारी बसू नका, रडू येईल." मीच बसायचे. माझी वडी अर्धी गुंडाळून होईपर्यंत ती माझ्यापुढची एक ओढून घ्यायची आणि वर म्हणायची, "धाकटे, झोपलीस का?"

मला तो वास आवडायचा. आजही कुठे आला तर मी दोन पावलं थांबते. ताईला मात्र त्याचा राग होता. म्हणायची, "दिवसभर साबणात असतो आपण, आणि स्वच्छ काही वाटत नाही."

कारखान्याच्या मॅनेजरांचा ड्रायव्हर गाडीपाशी उभा राहून वाट बघायचा. त्याला ताई दिसली आणि वर्षाच्या आत ती पूल ओलांडून टेकडीवर राहायला गेली. मॅनेजरांचा बंगला, बंगल्यामागे गॅरेज, गॅरेजवर दोन खोल्या. त्या दोन खोल्यांत ताईचा संसार झाला. पण 'गॅरेज' हा शब्द तिच्या तोंडून मी आयुष्यात ऐकला नाही. ती 'मागचं घर' म्हणायची. आमची आई म्हणायची, "बडा घर पोकळ वासा. पण असू दे, वासा त्यांचा आहे, आपली पोरगी सुखात आहे."

पुढे पेपरात दरवर्षी तो तक्ता यायला लागला. कुठल्या जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न किती, कोण वर, कोण खाली. माझा नवरा पुलावरच्या बसचा कंडक्टर. दोन्ही जिल्ह्यांची माणसं रोज त्याच्या हाताखालून जात, त्यामुळे त्याला त्या तक्त्याचं भारी कौतुक.

"अगं, तुझी बहीण पहिली आली बघ. यंदाही."

"तिचा काय संबंध?"

"संबंध कसा नाही? दरडोई म्हणजे प्रत्येक डोक्यामागे. तिला डोकं आहे ना? मला अधूनमधून शंका येते, पण पेपर म्हणतोय तर असेल."

"आणि आपण?"

"शेवटून दुसरे. आपल्याही खाली कोणीतरी आहे, उपकार म्हणायचे."

रविवारी ताई यायची. बंगल्यातल्या बाईंचे जुने पण धड कपडे आणायची, खुर्चीवर रुमाल अंथरून बसायची. "आमच्याकडे सकाळी रस्ते धुतात," ती सांगायची. हे लगेच म्हणायचे, "धुवा की, ताई. साबण आमचाच आहे." ती हसायची. "कंडक्टरसाहेब, तुम्ही तिकिटं फाडा." पण पुढच्या वेळी पुन्हा 'आमच्याकडे' होतंच. आमच्याकडे दिवे जात नाहीत. आमच्याकडे कोणी मोठ्यानं बोलत नाही. तिच्या नवऱ्याचा पगार माझ्या नवऱ्यापेक्षा कमी होता, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

तिला मूल झालं नाही. नवरा गेला, मॅनेजर गेले, कारखानाही बंद पडला. ताई मात्र मागच्या घरातच राहिली. मॅनेजरांच्या सुनेकडे कपड्यांना इस्त्री करायची. पगार नावाला, बाकीचा मोबदला म्हणजे त्या दोन खोल्या. तक्त्यात ती दरवर्षी पहिलीच येत होती.

मग एकदा तिनं चहा कपाच्या शेजारी ओतला. हसण्यावारी नेलं. नंतर कळलं, की तिच्या हातून एका शर्टाची कॉलर जळली होती आणि चालताना तिचा खांदा दाराच्या चौकटीवर रोज आपटत होता. मी तिला दंडाला धरून डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखता येईल. थेंबांवर काही काळ निघेल, पण ऑपरेशनला पर्याय नाही."

टेकडीवर एकच खासगी दवाखाना होता. तिथली फी ऐकून ह्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी परत घातली. "चला," म्हणाले, "इथला फुलदाण्या ठेवायचाच खर्च असेल तेवढा."

आमच्या बाजूला, पुलाच्या पायथ्याशी, डोळ्यांचं सरकारी रुग्णालय होतं. तिथे ऑपरेशन फुकट, पण सरासरीच्या खालच्या जिल्ह्यांतल्या लोकांना. आम्ही रांग लावली. खिडकीतल्या बाईनं ताईचा पत्ता वाचला आणि चष्म्यावरून वर पाहिलं.

"आजी, तुमचा जिल्हा पहिला आहे. तुम्हाला फुकट कसं मिळणार?"

खरं सांगायचं तर ताई त्या क्षणी ताठ झाली. पदर सारखा केला. बाहेर आल्यावर म्हणाली, "बघ, त्यांनाही माहीत आहे." मला तिला पायऱ्यांवरून ढकलून द्यावंसं वाटलं.

उपाय सोपा होता. आमच्या घरी येऊन राहायचं, पत्ता बदलायचा, वर्षभराचा रहिवास दाखवायचा.

"त्या वासात?" ताई म्हणाली.

"अगं, कारखाना बंद पडून किती वर्षं झाली. वास राहिलाय कुठे?"

"तुला येत नाही. तू त्यातच आहेस."

बंगल्यातल्या बाईंकडे पाहुणे येणार आहेत, मग पडदे धुवायचे आहेत, मग थंडीत सामान कोण हलवतं. एकेक कारण पुढे करत तिनं ते वर्ष घालवलं. तिला मी भेकड म्हटलं, अडाणी म्हटलं, ह्यांनी तिच्या जिन्याच्या पायऱ्या मोजून दाखवल्या. ती म्हणायची, "इथे मी इतकी वर्षं काढली. पत्ता सोडला तर माझ्याकडे काय राहिलं?" शेवटी गॅरेजच्या जिन्यावरून ती घसरली. मनगट मोडलं. इस्त्री धरता येईना. तेव्हा आली, एक ट्रंक आणि स्वतःची इस्त्री घेऊन. त्याच आठवड्यात बाईंनी मागचं घर नव्या पहारेकऱ्याला दिलं. वाईट वागल्या असं नाही. त्यांनाही पहारेकरी हवाच होता.

पत्ता बदलायच्या कचेरीत ताई अशा आवाजात बोलली, जणू कोणाच्या मरणाची नोंद करायला आली आहे.

वर्ष सुरू झालं. सकाळ-संध्याकाळ मी तिच्या डोळ्यांत थेंब घालायचे. ती मान मागे टाकून बसायची आणि लहानपणी आई वेणी घालताना करायची तसं तोंड करायची. आमच्या खिडकीतून कारखान्याची जागा दिसे. तिथे सात मनोरे उभे राहत होते, सगळे काचेचे. एकेक पुरा झाला की त्यात माणसं राहायला यायची. ती माणसं आम्ही क्वचितच पाहिली. गाड्या तळघरात जायच्या आणि तळघरातून निघायच्या.

ताई खिडकीत बसून त्या मनोऱ्यांचे दिवे बघायची. दूरचा उजेड तिला अजून दिसायचा. "बघ, तुमच्याकडेही आता आमच्यासारखं होणार."

"तुमच्याकडे कुठलं, ताई?" मी म्हटलं. "आता तू इथली."

ती पुन्हा दिव्यांकडे वळली. मला वाईट वाटलं, पण बोलून झालं होतं.

त्याच सुमाराला त्या तक्त्याच्या पाहणीसाठी एक मुलगी घरोघर फिरत होती. आमच्या दारात आली. आमचं विचारून झालं, मग ताईकडे वळली. "आजी, तुमचं महिन्याचं उत्पन्न?"

"भरपूर आहे," ताई म्हणाली.

"आकडा सांगा ना."

ताईनं आकडा सांगितला. मी थक्क झाले. बंगल्यातल्या धाकट्या साहेबांचा पगारच तिनं सांगून टाकला होता, इस्त्री करता करता कधीतरी ऐकलेला. मुलीनं आमच्या खोलीकडे एकदा पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं, आणि लिहून घेतलं. तिला अजून बरीच घरं करायची होती.

"ताई," हे म्हणाले, "एवढे येत असतील तर मला एक चप्पल घेऊन द्या."

"पाय आधी धुवा," ताई म्हणाली. आम्ही तिघंही खूप हसलो. त्या वर्षातलं तेवढंच हसणं मला आठवतं.

वर्ष भरलं. आम्ही नवे कागद घेऊन रुग्णालयात गेलो. ताईनं त्या दिवशी बंगल्यातल्या बाईंची निळी साडी नेसली होती. खिडकीत तीच बाई. तिनं कागद पाहिले, मग भिंतीवरचा नवा तक्ता पाहिला. बोलायला तिला जड गेलं, हे मी कबूल करीन.

"आजी, तुमचे कागद बरोबर आहेत. पण हा जिल्हा आता सरासरीच्या वर गेला. या महिन्यापासून फुकट फक्त रेल्वेपलीकडच्या तीन जिल्ह्यांना."

"कोण वर गेला?" ह्यांनी विचारलं.

"तुमचा जिल्हा."

"बाई, मी तिथेच राहतो. मला कोणी सांगितलं नाही."

मागची रांग हसली. बाई हसली नाही.

बाकावर बसल्यावर ताईनं कागद चाचपून पिशवीत ठेवले. मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "माझ्यामुळे झालं गं."

"काय?"

"मी त्या पोरीला खोटा आकडा सांगितला. म्हणून सगळा जिल्हा वर गेला. तुमचं सगळ्यांचं नुकसान केलं मी. चल, आपण सांगून येऊ. मी सांगते, खोटं बोलले. खोडून टाका म्हणावं."

मी तिला समजावायला गेले, पण तिनं ऐकलं नाही. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड होता. दोष आपला असेल तर तो निस्तरताही येईल, असं तिला वाटत होतं. म्हणून मीही उठले.

आकडेवारीच्या कचेरीतला अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. ताईनं उभं राहूनच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मागच्या घराला ती गॅरेज म्हणाली. पहिल्यांदाच. मी खाली बघितलं.

"आजी, बसा," तो म्हणाला. "तुमच्यामुळे काही झालेलं नाही. ते सात मनोरे आहेत ना, त्यामुळे झालं. असं बघा, या खोलीत आपण चौघं उपाशी बसलोय. दारातून पोट टम्म भरलेला एक माणूस आत आला. आता सरासरी काढली, तर सगळ्यांचंच पोट थोडं थोडं भरलेलं निघतं."

"मग त्याला बाहेर काढा," हे म्हणाले.

"तो बाहेर जात नाही, काका. त्यानं घर घेतलंय."

"पण माझा आकडा तर खोटा आहे," ताई म्हणाली. "तो तरी काढून टाका. तेवढं तरी खाली येईल."

अधिकारी हसला, प्रेमानंच हसला. "आजी, तुमचा आकडा काढला काय, ठेवला काय, त्या तक्त्यात तिळाएवढाही फरक पडत नाही. तुमचं मन खायला नको म्हणून सांगतो. तुम्ही निश्चिंत घरी जा."

मग त्यानं रेल्वेपलीकडच्या जिल्ह्यांबद्दल सांगितलं. तिथे राहायला गेलात तर चालेल, पुन्हा वर्षभराचा रहिवास. तिथे आमचं कोणी नव्हतं. आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, की डोळ्यांकडे तेवढं वर्ष उरलेलं नाही.

परतीच्या बसमध्ये ताईला खिडकीजवळची जागा मिळाली. ती बाहेर तोंड करून बसली होती. पूल गेला, सिग्नल गेला.

"धाकटे," ती म्हणाली, "मी इतकी कमी आहे का गं? खोटी ठेवली तरी चालते, खरी काढली तरी चालते."

पुढच्या सीटवरून ह्यांनी मान वळवली. हात मागे करून तिच्या मांडीवरची कागदांची पिशवी स्वतःकडे घेतली.

त्यानंतर थेंब चालू होते, पण ते आम्ही आमच्या समाधानासाठी घालत होतो. ताई संध्याकाळी खिडकीत बसायची आणि मनोऱ्यांतले दिवे सांगायची. तिसऱ्यात वरचे लागले. सहाव्यात कोणी नाही वाटतं आज. कधी बरोबर असायचं, कधी नसायचं. मी दुरुस्त करायचं सोडून दिलं होतं.

एकदा तिन्हीसांजेला मी तिच्याशेजारी बसून उसवलेली उशी शिवत होते. समोर सातही मनोरे वरपासून खालपर्यंत पेटलेले. ताई म्हणाली, "आज त्यांची लाइट गेली वाटतं."

मी सुई थांबवली. "हो."

"कुठे गेली?" आतून हे म्हणाले. "चांगला लखलखाट—" मी वळून पाहिलं, आणि त्यांना कळलं. ते उठले, आमच्या खोलीतल्या दिव्याचं बटण बंद करून आपल्या खुर्चीत येऊन बसले.

"आपलीही गेली," ते म्हणाले.

मी अंदाजानं सुई उशीला टोचून ठेवली. मग ताई म्हणाली, "कंडक्टरसाहेब, बटणाचा आवाज ऐकू येतो मला. लावा तो दिवा. तिची उशी व्हायचीय."