पाच चेहरे

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत आईने कारखान्यातल्या लॉकरमधून फोन काढला, तेव्हा मेसेज येऊन अकरा मिनिटं झाली होती. ‘तुमचा ताण सध्या जास्त आहे. तुमच्या पाल्याच्या हितासाठी शनिवारची भेट पुढे ढकलली आहे. खोल श्वास घ्या.’ खाली एक निळं फूल उमलत होतं, मिटत होतं. त्याच्या तालावर श्वास घ्यायचा होता.

तिने घेतला नाही. तिचा मुलगा पंधरा वर्षांचा. घरात सगळे त्याला लंबू म्हणतात. मित्रांबरोबर मोबाइलचं दुकान फोडताना सापडला, त्याला सात आठवडे झाले; तेव्हापासून तो शहरातल्या सुधारगृहात. सोमवारी त्याला दूरच्या, दिवसभराच्या प्रवासावरच्या दुसऱ्या सुधारगृहात हलवणार होते. शनिवार हुकला तर पुढची भेट कधी, हे कोणीच सांगत नव्हतं.

अ‍ॅप इथल्या सुधारगृहानेच दिलं होतं, पालकांना आधार म्हणून. रोज सकाळी आठ प्रश्न, प्रत्येकाखाली पाच चेहरे. एका टोकाला रडका, दुसऱ्या टोकाला हसरा. झोप कशी लागली? आज मन कसं आहे? आई शर्टांच्या कारखान्यात चेकर आहे. शर्ट उलटा करायचा, शिवण ताणून बघायची, दोष दिसेल तिथे लाल बाणाचं स्टिकर लावायचं आणि तक्त्यावर लिहायचं: जागा, माप, वेळ. सतरा वर्षं हेच काम. दोष लिहिला की माल दुरुस्तीला जातो, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने अ‍ॅपही तसंच भरलं. झोप: रडका. मन: रडका. महिनाभर, एक दिवस न चुकवता. दुरुस्तीला कोणी आलं नाही.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून ती सुधारगृहाच्या ऑफिसात गेली. रांगेत पुढे एक भाजीवाली होती. तिचा धाकटा लंबूच्याच खोलीत.

“खरं भरलंस?” भाजीवालीने कपाळावर हात मारला. “अगं, वेडी का तू? मी बस येईपर्यंत आठही हसरे दाबून मोकळी होते. सासू गेली त्या दिवशीसुद्धा मी आनंदात होते.” मग जरा थांबून म्हणाली, “म्हणजे, त्या दिवशी थोडी होतेही.”

आईला हसू आलं आणि त्याचाच राग आला.

खिडकीवरच्या कारकुनाने तिचा आलेख उघडला. सगळा लाल.

“ताई, मी काही करत नाही. सिस्टीम ठरवते. आईबाप चिडलेले आले की मुलं बिथरतात.”

“माझा मुलगा आत आहे साहेब. मी चिडू नको तर काय करू?”

“तेच तर म्हणतोय. शांत व्हा, पुन्हा भरा. हिरवं आलं तर उद्याची वेळ मिळेल.”

“कधी भरू?”

“आता भरा की. इथेच.”

तिने भरलं. आठ प्रश्न, आठ हसरे चेहरे, चाळीस सेकंद. तेवढ्यात ती शांत झाली असं सिस्टीमने मान्य केलं. शनिवार, अकरा वाजून वीस मिनिटं, पंधरा मिनिटांची भेट. सतरा वर्षांत तिने पहिल्यांदाच खराब माल पास केला होता.

शनिवारी लंबू टेबलापलीकडे बसला. या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणंही लावलेली.

“कसा आहेस?”

“मस्त.”

“जेवतोस?”

“हो गं. तू कशी आहेस?”

“मस्त,” आई म्हणाली, आणि तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

तिने त्याचा हात ओढून मनगटाचं बटण काढलं आणि बाही कोपराच्या वर सारली. तो झटका देऊन मागे सरकला, पण तिचे हात कपड्यावर त्याच्यापेक्षा चपळ होते. दंडाच्या आतल्या बाजूला चार निळे ठसे होते आणि मागे एक. मोठ्या माणसाच्या पंजाचे.

“कोणी?”

“पडलो.”

“पडल्यावर पाच बोटं उमटतात?”

“आई, हळू बोल ना!” त्याने दाराकडे पाहिलं. “आम्हालाही टॅबलेट देतात, तेच चेहरे. लाल आलं की आठवडाभर मैदान बंद. मी हसराच दाबतो. तूही दाब. प्लीज.”

बाकीची मिनिटं तिने त्याचा हात धरून ठेवला. वेळ संपल्याचा बझर वाजला तेव्हा त्याने स्वतःच बाही खाली केली.

बाहेर पडताना दाराशी स्क्रीन होता. ‘आजची भेट कशी झाली?’ पाच चेहरे.

ती स्क्रीनला वळसा घालून खिडकीपाशी गेली.

“कागद द्या. तक्रार लिहायची आहे.”

“तक्रार अ‍ॅपमध्येच करायची, ताई. कागद आता घेत नाही.”

आईने पिशवीतून तपासणीचा कोरा तक्ता काढला आणि काउंटरवर उभ्या उभ्याच लिहिलं. मुलाचं नाव. जागा: डावा दंड, आतून. माप: बोटाएवढे, पाच. रंग: निळा, कडेला पिवळा. वेळ: अकरा पंचवीस. ‘आजच डॉक्टरला दाखवा आणि अहवाल मला द्या.’ समासात लाल बाण चिकटवला आणि सही केली.

कारकुनाने वाचलं. त्याचा आवाज खाली आला. “हे लाल धरलं जाईल. तिकडच्या भेटीसुद्धा अडकतील. मुलाचा विचार करा.”

“काल आठ वेळा केला,” ती म्हणाली. “शिक्का मारा. एक प्रत मला.”

त्याने तीन खण उघडले. शिक्का सापडला. शाईचा डबा उघडला तर आतली गादी कडक वाळलेली. कित्येक महिन्यांत कोणी हात लावला नव्हता.

“शाई नाहीये, ताई.”

“पाणी घाला.”

धाकट्याला भेटून मागे येऊन उभी राहिलेली भाजीवाली म्हणाली, “साहेब, मलाही शिक्का लागेल. जरा जास्तच घाला.” आणि आईच्या पिशवीकडे हात करून विचारलं, “तसला एखादा कागद आहे का गं आणखी?”

आईने अख्खा गठ्ठा काउंटरवर ठेवला.