दाराशी पडलेला खाकी लोड

मी एक जुना लोड आहे. लोड म्हटलं की लगेच टेकायला येऊ नका. मी भिंतीशी ऐटीत बसणाऱ्यांतला नाही, दाराशी आडवा पडणाऱ्यांतला आहे. मनगटाएवढा जाड, दाराएवढा लांब, आणि पोटात वाळू. दाराखालच्या फटीतून येणारा वारा मी अडवतो. शिवाय माझ्या पाठीला तीन पट्ट्या आहेत. त्यांची बटणं समोरच्या काथ्याच्या पायपुसण्याच्या काजांत अडकतात. मग त्या पायपुसण्याची काय बिशाद आहे जागचं हलायची! येणारे-जाणारे मला ओलांडतात आणि म्हणतात, "हे काय सापासारखं?" साप म्हणे. साप एवढा वेळ एका जागी पडून राहील का?

मित्रांनो, माझा जन्म पँटीतून झाला. हसून घ्या एकदाचं. खाकी पँट, बस ड्रायव्हरची. हा ड्रायव्हर म्हणजे या घरातले आजोबा. आयुष्यभर गाडी हाकली आणि म्हातारपणी डोळ्यांत धुकं उतरलं. उजेड-अंधार कळतो, बाकी सगळं पुसट. घरात ते, त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा छापखान्यात जातो, सून घरीच शिवणकाम करते.

आजोबांना दिवसभरात एकच काम होतं, पण ते फार मोठं होतं. संध्याकाळी त्यांचा जुना कंडक्टर खिडकीशी येऊन शिट्टी मारायचा आणि घराला वळसा घालून दाराशी यायचा. तो पोचायच्या आत आजोबांनी खुर्चीतून उठून दार उघडायचं, अशी दोघांची पैज. मग गल्लीच्या तोंडाशी बाकावर बसून जुन्या प्रवाशांची चेष्टा. सून मदतीला उठली की आजोबा ओरडायचे, "बस तू! माझा माणूस आलाय, मी उघडणार."

पण फरशी गुळगुळीत आणि पायपुसणं मोकळं. एकदा ते पायाखालून सटकलं आणि आजोबा धाडकन आपटले. हात मुरगळला. मुलगा घाबरला, आणि घाबरलेली माणसं ओरडतात तसा ओरडला.

"आजपासून एकट्यानं उठायचं नाही. हाक मारायची."

"हाक मारायला मी काय तान्हं बाळ आहे?"

"तान्हं बाळ ऐकतं तरी, बाबा!"

आजोबा उठायचे ते उठायचेच. त्यात थंडी आली. फटीतून बोचरा वारा यायला लागला, आजोबांचे गुडघे टम्म सुजले. तेव्हा सुनेनं चिंध्यांच्या गाठोड्यातून ती पँट ओढून काढली. एक पाय कापला, गुडघ्याची चाळण टाळून उभा अरुंद शिवला, शेजारच्या बांधकामावरची वाळू चाळून भरली आणि तोंड शिवून टाकलं. बटणंही पँटीचीच. दुसऱ्या पायाची झाली भाजीची पिशवी. ती रोज बाजार फिरते. मी इथंच. नशीब एकेकाचं.

आजोबांनी मला चाचपलं. बोट बटणावर थांबलं.

"ही माझी पँट आहे."

"गुडघ्यांवर चाळण झाली होती, बाबा."

"त्या पँटीनं घाट उतरलेत!"

"मग आता जरा आडवी पडू दे की तिला."

आजोबा हसले नाहीत. पण ओठ हलले, मी बघितलं.

पहिल्या दिवशी काय माझं कौतुक! घर उबदार, पायपुसणं गप्प. मुलगा म्हणाला, "झकास काम झालं." मी वाळूनं आधीच फुगलो होतो, आणखी फुगलो.

संध्याकाळी शिट्टी वाजली. आजोबा उठले. चार पावलं टाकली आणि खोलीच्या मधोमध थांबले. तोंड इकडं वळवलं, तिकडं वळवलं. मग निघाले ते सरळ कपाटाकडं. कपाट उघडलं, हात आत घातला, तर हाताला कपडे लागले. तेवढ्यात बाहेरून कंडक्टर ओरडला, "अरे ड्रायव्हर, दार उघडतोस का आणायला गेलास?"

आजोबा कपाटाचं दार धरून उभे होते. हळूच म्हणाले, "सूनबाई, दार कुठं गेलं?"

नेमका तेव्हाच मुलगा कामावरून आला. त्यानं ते बघितलं. दुसऱ्या दिवशी आजोबा स्वयंपाकघरात गेले, तिसऱ्या दिवशी भिंतीला जाऊन धडकले. मुलगा बायकोला कोपऱ्यात म्हणाला, "डोळे गेले होतेच, आता डोकंही चाललंय." म्हाताऱ्या माणसांना असलं बरोबर ऐकू जातं. मुलानं दाराला बाहेरून कडी बसवली. सून संध्याकाळी शिवलेले कपडे पोचवायला गेली की कडी लावून जायची. आजोबा भांडलेच नाहीत. एरवी चहात साखर कमी पडली तर घर डोक्यावर घेणारा माणूस, पण कडीवर एक शब्द नाही. त्यांना स्वतःलाच वाटत होतं की आपलं डोकं गेलं. ते खुर्चीत बसून राहिले. मला तर वाटलं, आता हे उठायचेच नाहीत.

कंडक्टर मात्र यायचा. शिट्टी मारायचा, वळसा घालायचा, कडी बघायचा आणि पायरीवर बसायचा. दुसऱ्याच्या घराची कडी आपण कशी काढायची, म्हणून बसायचा. मला त्याचा असा राग यायचा! काढ ना!

एके दिवशी सून बाहेर गेली होती. आजोबांच्या मनात काय आलं कोण जाणे, भिंत चाचपत चाचपत निघाले. फिरत फिरत दाराशी आले आणि त्यांचा पाय माझ्यावर अडखळला. मग त्यांचा इतक्या दिवसांचा दाबलेला संताप उसळला.

"माझ्याच पँटीनं माझी वाट अडवायची?"

आणि अशी लाथ घातली म्हणता! पायपुसण्यासकट मी पार सुनेच्या शिलाई मशीनखाली. माझी शिवण उसवली, वाळू फरशीवर सांडली. आजोबा धापा टाकत, भिंत धरत परत खुर्चीत जाऊन बसले. मी मनात म्हटलं, ठीक आहे, चांगलं करायला जावं तर लाथ.

मग वारा आला. मोकळ्या फटीतून, फरशीवरून सरपटत. तेवढ्यात खिडकीशी शिट्टी वाजली. आजोबांनी पाय जरासे पुढं केले, एकदम उठले आणि कुठंही न चाचपता नाकासमोर चालत दाराशी आले. आतली कडी काढली. दार ढकललं. ते बाहेरच्या कडीला अडलं.

कंडक्टर पायरीवरून ओरडला, "अरे! आज बरोबर दाराशी कसा आलास?"

"वारा! वारा लागला रे पायांना! वारा येतो तिथं दार!"

आता कळलं ना, मित्रांनो? मी वारा अडवला आणि त्याबरोबर म्हाताऱ्याचं दारच पुसून टाकलं. डोकं-बिकं काही गेलं नव्हतं. कंडक्टरनं त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्याच्या घराची कडी काढली.

सून आली तर दार सताड उघडं, दोघं म्हातारे दारात हसतायत आणि घरभर वाळू.

"अहो बाबा, मग आधी सांगायचं ना!"

"मलाच कुठं ठाऊक होतं? पाय जायचे, मी त्यांच्या मागनं जायचो."

मी मात्र मशीनखालीच पडून राहिलो. माझ्यावर दोऱ्यांचे तुकडे, कापडाची कातरणं. पण वारा काय नुसती वाट दाखवत नाही, गुडघेही धरतो. चार दिवसांत आजोबांना वाट कळायला लागली आणि उठता येईना. सुनेनं मला ओढून काढलं, झटकलं, पुन्हा वाळू भरली, उसवलेलं दुहेरी शिवलं. पण या वेळी लावलं नाही. मला मांडीवर घेऊन आजोबांसमोर बसली.

"लावू का परत? तुम्ही सांगाल तसं."

आजोबांनी बराच विचार केला. "लाव. पण पायपुसणं माझ्या खुर्चीसमोर नीट सरळ येऊ दे. आणि माझ्या चपला काढून घे."

मग सुरू झाली शिकवणी. काथ्या तळव्याला टोचला की दार आलं. अंगठा मला लागला की थांबायचं, पाय उचलायचा. कंडक्टर दारात उभा राहून गाडी मागं घेतल्यासारखा ओरडायचा, "येऊ द्या, येऊ द्या... डावीकडं थोडं... बास, बास!"

"गप रे! मी गाडी मागं घेत नाहीये."

"मग वेग वाढव. पॅसेंजर शिव्या देतायत."

मुलाला हे काही पटेना. बाहेरची कडी तशीच होती. एका सुट्टीच्या दिवशी त्यानं पायपुसणं बाहेर नेऊन झटकलं आणि घाईघाईत तसंच टाकलं. बटणं लावलीच नाहीत. मी ओरडू शकत नाही, हे माझं दुर्दैव. संध्याकाळी शिट्टी वाजली. आजोबा उठले. मुलगा समोरच बसला होता. आजोबांचा पाय पायपुसण्यावर पडला आणि ते जरासं सरकलं. मुलगा झेप घेणार, तेवढ्यात सुनेनं त्याचा शर्ट धरला. "थांबा."

आजोबांनी पाय मागं घेतला. स्थिर उभे राहिले.

"माझा स्टॉप कुणी हलवला?"

आजोबा हळूहळू खाली बसले, पायपुसणं सरळ केलं आणि माझं एकेक बटण चाचपून काजात घातलं. शेवटचं घट्ट होतं, त्याला शिवी दिली. मग उठले, कडी काढली, मला ओलांडलं आणि बाहेर. कंडक्टर कुणाशी तरी गप्पा मारत अजून कोपऱ्यावरच होता! आजोबांचं हसणं गल्लीभर ऐकू गेलं.

ते परत आले तेव्हा मुलगा दाराशी बाहेरच्या कडीचे स्क्रू काढत बसला होता.

"काय करतोयस?"

"कडी सैल झालीय, बाबा."

"मग घट्ट कर."

"नको. काढूनच टाकतो."

मित्रांनो, तेव्हापासून मी किती थंड्या अडवल्या कोण मोजतंय. रंग उडाला, एका टोकाला फुलाफुलाचं ठिगळ आहे. मला आवडत नाही ते, पण वाळू धरून ठेवतं. माझं एवढंच मागणं आहे. आमच्यासारख्यांना अधूनमधून ऊन दाखवा, उसवलं तर वेळेवर टाका घाला. पायपुसणं धुतलं की तिन्ही बटणं लावा, दोन लावून पळू नका. आणि कुणाच्या भल्यासाठी त्याच्या घरातलं काही हलवणार असाल, अडवणार असाल, तर आधी त्याला विचारा. त्यालाही ठाऊक नसेल, तर त्याचे पाय कुठं जातात ते बघा.

आता बास. खिडकीशी शिट्टी वाजली. म्हातारा उठलाय. सरका, सरका, वाटेत उभे राहू नका.